मायफळाचे गोत

ओक हा शब्द मी प्रथम ऐकला तो आडनाव म्हणून. शाळेत इंग्रजीच्या धड्यात ओकचे झाड आले तेव्हा सगळा वर्ग खो खो हसला, कारण वर्गात एक ओक होता आणि तो अंगाने अगदी काडी होता. मास्तरांनी फळ्यावर एक डेरेदार झाड काढून दाखवले. ते थोडे वडासारखे होते, थोडे आंब्यासारखे. मास्तरांनी तरी ते कुठे पाहिले होते! सह्याद्रीत ओक उगवत नाही. हिमालयात त्याची भावंडे आहेत. गढवालात ज्याला बांज म्हणतात तो त्यांतलाच, पण तो बाराही महिने हिरवा. धड्यातला ओक विलायती, थंडीत पाने टाकून उघडा होणारा. आपल्या भाषेत त्याला नाव नाही, आणि ज्याला आपल्या तोंडी नाव नाही अशा झाडाबद्दल माणसाला जिव्हाळा वाटावा कसा? पुढे इंग्रजी पुस्तकांतून हे झाड मला हरघडी भेटत राहिले आणि दर वेळी मी ते ओलांडून पुढच्या ओळीवर गेले.

प्रत्यक्ष भेट झाली ती वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मुलीच्या परसात.

मुलगी लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या एका लहान गावात राहते. २०१९ च्या फेब्रुवारीत तिच्या बाळंतपणासाठी मी गेले. पाहुण्यांना तिथे एका वेळी सहा महिनेच राहता येते. त्यामुळे माझे जाणे तुकड्यातुकड्यांनी झाले आहे. पहिल्यांदा फेब्रुवारीत गेले, २०२२ मध्ये ऑगस्टात, २०२४ मध्ये एप्रिलात. त्या झाडाचे एक वर्ष मी असे तीन फेऱ्यांत मिळून पुरे केले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते समोरच दिसते. पहिल्या दिवशी मला ते मुळीच आवडले नाही. काळपट, भेगाळलेले खोड आणि फांद्या अशा वेड्यावाकड्या, की कुणी रागारागाने रेघोट्या ओढल्या असाव्यात. (त्याचे कारण पुढे कळले. प्रत्येक डहाळीच्या टोकाशी एकच डोळा नसतो, चार-पाच कळ्यांचा झुबका असतो. त्यांतली जी जोर धरील तिच्या दिशेने फांदी वळते.) एप्रिल उजाडला. आजूबाजूची झाडे पालवली, कुंपणे पांढऱ्या फुलांनी भरली, पण आमचे झाड जसेच्या तसे.

"मेलं की काय ते?" मी जावयांना विचारले.

"नाही हो आई, त्याला घाई नसते," ते म्हणाले.

आपल्याकडचा साग, पळस पाने टाकतात ते माघ-फाल्गुनात, पाणी संपते म्हणून. आणि आश्चर्य असे, की पाऊस यायच्या कितीतरी आधी, रणरणत्या उन्हात त्यांना नवी पालवी येते. आपली पानगळ तहानेची, तिकडची थंडीची. ओक नोव्हेंबरात पाने टाकतो आणि एप्रिलच्या अखेरीपर्यंत पुन्हा कशात मन घालत नाही. मग एके दिवशी झाडावर तांबूस-पिवळी झाक दिसू लागली, आपल्या पिंपळावर येते तशी. पालवीबरोबरच हिरवट दोऱ्यांसारखे तुरे लोंबू लागले. तीच फुले. रंग नाही, वास नाही. पराग वाऱ्यावर सोडायचे असल्यावर नटायचे कुणासाठी?

पान मात्र असे, की एकदा हातात घेतले की विसरायचे नाही. कड सरळ नाही आणि दातेरीही नाही. समुद्रकाठच्या खाड्यांसारखी गोल गोल आत जाते, बाहेर येते. देठ जवळजवळ नाहीच. पान डहाळीला टेकते तिथे दोन इवल्याशा पाळ्या असतात, तान्ह्या मुलाच्या कानाच्या पाळ्यांसारख्या. फळाला उलट लांब देठ. याचा जो सख्खा भाऊ त्या देशात आहे त्याचे नेमके याच्या उलट: पानाला देठ, फळ बिनदेठाचे. आमचे झाड पहिल्या जातीचे, क्वेर्कस रोबर. रोबर म्हणजे लॅटिनमध्ये बळ. फळ म्हणजे टोपडे घातलेली लांबोडकी सुपारी समजा.

हे सगळे मला शिकवले शेजारच्या म्हाताऱ्या सुतारांनी. नातू त्यांना आजोबा म्हणतो, म्हणून मीही मनात तसेच म्हणते. आयुष्यभर त्यांचा हात लाकडात गेला. ओकाच्या लाकडात इतका तुरटपणा असतो, की लोखंडी खिळा ठोकला तर काही दिवसांत भोवती काळा डाग पडतो आणि खिळाही झिजतो. म्हणून जुनी घरे लाकडी मेखांनीच जोडीत. इंग्लंडचे आरमार म्हणजे तरंगते ओकाचे रान होते, असे ते सांगत. १७६५ साली पाण्यात लोटलेल्या 'व्हिक्टरी' या एका जहाजाला सुमारे ६००० झाडे लागली, बहुतेक ओकाचीच. मला राहवले नाही. मी त्यांना सांगितले, की ओक अपुरा पडू लागला तेव्हा तुमच्या आरमाराने आमच्या मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधून घेतली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले १८१७ चे 'ट्रिंकोमाली' हार्टलपूलला अजून तरंगते आहे. आजोबांनी ते पाहिले होते. मान डोलावून म्हणाले, "साग तेलकट. त्यात खिळा गंजत नाही." एवढीच दाद. पण एका सुताराची दाद ती. मी दिवसभर खुशीत होते.

आता मायफळाचे सांगते.

पहिल्या खेपेला मी बाळगुटीचे सगळे सामान नेले होते. सहाण, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, हिरडा, जायफळ, मायफळ, सारे एका फडक्यात बांधून. बाळ दहा दिवसांचे झाले तशी मी सहाण धुऊन ठेवली. मुलीने ती पाहिली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. दुसरं काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"तुला दिली होती मी. काय झालं तुला?"

"मला काही झालं नाही. पण इथे सगळे हेच सांगतात, आणि आता आपल्याकडचे डॉक्टरही हेच सांगतात."

ते खरे होते. पुण्यात शेजारच्या सुनेला तिच्या डॉक्टरांनी हेच सांगितलेले मी ऐकले होते. मी सहाण पुसून ठेवली. वाईट वाटले, पण ते गुटी राहिली म्हणून नव्हे. एक वेढा, दोन वेढे, पोट बिघडले तर मायफळाचा वेढा जास्त, ही जी विद्या माझ्या हातात होती तिला आता गिऱ्हाईक नाही, याचे वाईट वाटले. पुरचुंडी परत आणली नाही. एका डब्यात घालून तिथल्याच कपाटात ठेवली.

दुसऱ्या खेपेला, २०२२ च्या ऑक्टोबरात, साडेतीन वर्षांचा नातू झाडाखालून एक वाळकी डहाळी घेऊन आला. तिला गोटीएवढी तपकिरी गाठ चिकटली होती आणि गाठीला टाचणीने पाडावे तसे एक भोक होते. मी ती बघितली मात्र, कपाटाकडे गेले, डबा उघडला आणि मायफळ काढून शेजारी ठेवले. माझे मायफळ जड आणि बारीक पुटकुळ्यांचे, त्याची गाठ गुळगुळीत आणि हलकी. पण दोघींचा चेहरा एक. माझी आजी बजावत असे, "मायफळ बिनभोकाचं बघून घे." भोक कशाने पडते ते तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

मायफळ हे फळच नाही. गांधीलमाशीच्या कुळातली, मुंगीएवढी एक माशी ओकाच्या कळीत अंडे घालते. आतली अळी वाढू लागली की झाड तिच्याभोवती स्वतःच्या अंगाचे घर बांधते. आत खायला गर, बाहेर कडू तुरट भिंत. वाढ पुरी झाली की माशी भिंत पोखरून उडून जाते. ते भोक तिच्या जाण्याचे. भोक पडण्याआधी तोडलेल्या गाठीत तुरटपणा भरपूर असतो, म्हणून आजीचे म्हणणे बरोबर. अशा माश्यांच्या पुष्कळ जाती आहेत आणि एकीचे घर दुसरीसारखे नसते. कुणाची गोटी, कुणाचे मऊ सफरचंद, कुणाच्या पानामागे चिकटलेल्या टिकल्या, कुणी तर फळावरच सुरकुतलेले टोपडे चढवते. झाड तेच, माती तीच. घर झाडाचे, नकाशा माशीचा. आपल्या गुटीतली काकडशिंगीही अशीच दुसऱ्या झाडावरची, दुसऱ्या किड्याची गाठ आहे, हे वाचल्यावर तर मी हातच जोडले.

बाजारातले मायफळ येते ते तुर्कस्तान, सिरिया, इराणकडच्या एका खुज्या ओकावरून. म्हणजे आमच्या झाडाचा तो चुलत भाऊ. या गाठींचा काढा आणि हिराकस मिसळले की काळी शाई होते. युरोपात शतकानुशतके लिहिणे चालले ते या शाईने. १२१५ चा मॅग्ना कार्टाही तिनेच लिहिलेला. परसात सापडलेल्या जातीच्या गाठी इंग्लंडात १८३० च्या सुमारास मुद्दाम आणल्या, त्याही रंगासाठी आणि शाईसाठी.

तेव्हा ज्या झाडाला आपल्या भाषेत नाव नाही असे मी म्हणत आले, त्याच्या घराण्यातले काहीतरी मी बारशाच्या आधीच चाटले होते. त्या दिवसापासून ते झाड मला परके राहिले नाही. आणि नेमके तेव्हाच ते पाडायचे की ठेवायचे, हा प्रश्न घरात उभा राहिला होता.

१९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमध्ये पारा ४०.३ अंशांवर गेला. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडल्याची ही पहिलीच नोंद. मुलीने फोनवर सांगितले तेव्हा मी हसून म्हटले, "आमच्या सोलापूरला या." ऑगस्टात पोचले आणि हसू मावळले. हिरवळ आपल्या वैशाखातल्या माळासारखी पिवळी पडली होती, आणि घराच्या मागल्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली, रुपया आत जाईल एवढी भेग पडली होती.

विमा कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. अहवालाचा सारांश असा: जमीन चिकणमातीची, ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, मोठा ओक उन्हाळ्यात तिच्यातले पाणी ओढून घेतो, सबब झाड काढावे. मला हे समजावून द्यावे लागले नाही. आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडत. वडील म्हणत, "काळ्यात घर बांधायचं तर पाया मुरमापर्यंत न्यावा, नाहीतर बांधू नये." मुलीचे घर १९३० च्या सुमाराचे. पाया गुडघ्याएवढा. झाड त्याच्या कितीतरी आधीचे.

झाडाला नगरपालिकेचे संरक्षण होते. परवानगीशिवाय फांदीही तोडता येत नाही. अर्ज झाले, उत्तरे आली. पालिकेच्या माणसाने फीत गुंडाळून खोडाचा घेर मोजला. चार मीटर भरला. दोनशे वर्षांच्या पुढचे असेल, म्हणाला. मी हिशेब केला: पेशवाई बुडाली तेव्हा हे कुठेतरी दोन पानांवर, नाहीतर कमरेएवढे असणार.

रात्री जेवणे झाली की नवराबायकोचे बोलणे चाले. जावई म्हणत, "अजून बावीस वर्षं हप्ते भरायचे आहेत या घराचे. भिंत खचली तर घर विकताही येणार नाही." मुलगी म्हणे, "ते आधीपासून तिथं आहे. आपण त्याच्या शेजारी राहायला आलोय." दोघांचेही खरे होते, म्हणून तर भांडण मिटत नव्हते. मी भांडी पुसत उभी असे. परक्या देशातले घर, त्यावरचे कर्ज त्यांचे. मी काय बोलणार? आजोबांनी मात्र एक गोष्ट सांगितली तिने सगळेच थबकले. झाड तोडले, तर इतकी वर्षे त्याने पिऊन कोरडी ठेवलेली माती पाणी शोषून फुगू लागेल आणि घर खालून उचलले जाईल. झाड ठेवले तर खचण्याची भीती, पाडले तर उचलले जाण्याची.

त्या हिवाळ्यात मी खिडकीशी बरीच बसले. ओकावर कोण कोण जगते याची ब्रिटनमध्ये मोजदाद झाली आहे: सुमारे २३०० जातींचे जीव, पैकी ३२६ असे की त्यांना ओकावाचून ठिकाणा नाही. या मंडळींना नोटीस कुणी द्यायची? असला विचार मनात येई आणि माझे मलाच हसू येई. भिंतीतून वारा यायला लागला की माणसाला माश्यांची काळजी परवडत नाही.

अखेर मधला मार्ग निघाला. माथा सगळीकडून छाटून झाड लहान करायचे; पाने कमी, तर पाणी कमी. भेगेवर बारीक रेघांची एक पारदर्शक पट्टी बसवायची, दर महिन्याला किती मिलिमीटर सरकली ते लिहायचे, आणि दोन वर्षांनी पुन्हा ठरवायचे. छाटणी झाली २०२३ च्या नोव्हेंबरात. मी पुण्यात होते. मुलीने चित्रे पाठवली, ती पाहून मी फोन पालथा घातला. केशवपन केल्यासारखे दिसत होते ते.

२०२४ च्या एप्रिलात गेले तेव्हा आधी खिडकीशीच गेले. पालवी आली होती. नुसत्या टोकांवर नव्हे, ज्या खोडावर मी कधी पान पाहिले नव्हते तिथूनही, सालीखालच्या निजलेल्या डोळ्यांतून कोंब फुटले होते. मे महिन्यात अळ्यांनी पानांची चाळण केली. ऑगस्टच्या सुमारास झाडाने पुन्हा एकदा, तांबड्या कोंबांची नवी पालवी काढली. ही त्याची दर वर्षाचीच रीत. पहिला बहर किड्यांनी खाल्ला तरी दुसरा हाताशी असावा. या दुसऱ्या पालवीवर पांढरी भुरी पडते, राख भुरभुरावी तशी. हा रोग युरोपात आला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. झाड त्यालाही धरून चालले आहे.

आजोबा म्हणाले, "आम्ही करवतीने केलं ते म्हातारा ओक स्वतःच करतो." मुळांना शेंड्यापर्यंत पाणी चढवणे झेपेनासे झाले, की तो शेंडा सोडून देतो. वाळक्या फांद्या सांबरशिंगांसारख्या वर राहतात आणि खाली, जवळ, नवा लहान माथा धरतो. आतले लाकूड कुजून खोड पोकळ होते, तरी त्याचे काही अडत नाही. जगते ती साल आणि तिच्याखालचा थर. लिंकनशायरमध्ये बोथोर्पला हजार वर्षांहून जुना ओक आहे, घेर तेरा मीटरांच्या आसपास. त्याच्या पोकळीत एके काळी लोक जेवायला बसत. लोकांना पोटात जेवू घालून तो दर वसंतात पालवतो. मी पुण्याच्या घरातल्या तीनपैकी दोन खोल्या बंद ठेवल्या आहेत आणि माळ्यावरच्या डब्यांची नावे विसरले आहे, हे मी आजोबांना सांगितले नाही. त्यांनीही त्यांचा जिना चढणे कधी सोडले ते मला सांगितले नाही. त्यांचा पलंग खालच्या खोलीत आहे, एवढे मला दिसते.

जूनमध्ये नातवाने आणखी एक शोध लावला. दुसऱ्या खेपेला मी ज्या कुंडीत मेथी पेरली होती ती मागच्या पायरीशी तशीच पडून होती. तिच्यात वीतभर काडी आणि पाच पाने. पानांना कानाच्या पाळ्या. हे काम 'जे' पक्ष्याचे. कावळ्याच्या कुळातला, पंखावर निळी चकती असलेला. हिवाळ्याच्या बेगमीला तो हजारो ओकफळे एकेक करून मातीत पुरतो, त्यांतली काही राहून जातात. फळ वाळले तर मरते, म्हणून ते वेळ दवडीत नाही. शरदातच सोटमूळ खाली सोडते आणि कोंब वसंतापर्यंत राखून ठेवते. या काडीला पहिले फळ धरायला चाळीस वर्षे तरी हवीत.

"मोठं झाड पाडलं तर हे तिथं लावायचं का?" नातवाने जेवताना विचारले.

जावयांनी मुलीकडे पाहिले, मुलीने ताटाकडे.

"ते कुंडीत राहणार नाही, बरं का," मी म्हटले. "बघ, खाली भोकातून मूळ आलंय."

सप्टेंबरात मी परत आले. मुलगी दर महिन्याला पट्टीवरचा आकडा कळवते. काही महिने तो हलला नाही. कोरड्या दिवसांत अर्ध्या मिलिमीटरने पुढे गेला, पाऊस झाल्यावर मागे आला. पुढचा निकाल विमा कंपनी आणि पालिका देतील तेव्हा खरा. कुंडी फोडून ते रोप जावयांनी एका उंच बादलीत हलवले, सोटमुळाला जागा हवी म्हणून. हे त्यांनी आपण होऊन केले. जानेवारीत त्यांनीच चित्र पाठवले. कोवळे ओक वाळलेली पाने हिवाळाभर सोडत नाहीत. बादलीवर हिम भुरभुरले होते आणि पाचही पाने, तपकिरी, वळकट्या झालेली, काडीवर जागच्या जागी होती.